नंदाच्या रक्तदाबाची वही

कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनचा कारखाना उभा राहत होता तेव्हा घाटावरून जी माणसं कामाला उतरली, त्यांत दौलत शेलार होता. जुन्नर तालुक्यातला, ओतूरच्या पलीकडचा. माळशेजचा घाट पायी उतरून आला तेव्हा अंगावर एक सदरा आणि खांद्यावर घोंगडी एवढाच संसार. आधी विटा वाहिल्या, मग कोळसा ओढला, आणि चार वर्षांत बॉयलर अटेंडंटची परीक्षा देऊन पास झाला. शाळा म्हणाल तर गावची चौथी. इंग्रजी आकडे त्यानं कोळशाच्या ढिगाशी बसून, पाटीच्या फुटक्या तुकड्यावर गिरवले होते.

बॉयलरवर दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी रजिस्टरात लिहावी लागते. काही जण पाळी सुरू होतानाच आठही तासांचे आकडे अंदाजानं भरून मोकळे होत. दौलतला ते जमायचं नाही. काट्यासमोर उभं राहायचं, काटा थरथरत असेल तर तो ठरेपर्यंत थांबायचं, मग लिहायचं. त्याच्या पाळीचं पान इंजिनियर साहेब वाचतसुद्धा नसत. "शेलारनं लिहिलंय ना, मग झालं," म्हणून खाली सही ठोकून पुढं जात. दौलतला हे मनातून फार आवडायचं. बोलून दाखवणारा माणूस तो नव्हता.

बोलण्याचं काम घरात नंदा करायची. ओतूरच्या मारुती डुंबऱ्यांची ही मुलगी अंगानं काडी, पण जीभ अशी की चाळीतल्या बायका पाण्याच्या नळावर तिची वाट बघायच्या. दारापुढं तिनं कोंबड्या पाळल्या होत्या आणि प्रत्येक कोंबडीला कारखान्यातल्या एकेका साहेबाचं नाव ठेवलं होतं. संध्याकाळी ती त्यांना नावानं हाका मारून खुराड्यात घालू लागली की दौलत कानकोंडा व्हायचा. "अगं, कुणी ऐकंल की," म्हणायचा. "ऐकू द्या. माझा हेडक्लार्क रोज अंडं तर देतोय," असं तिचं उत्तर.

पहिल्या खेपेला ती बाळंतपणाला माहेरी गेली. दिवस भरत आले तसे हातपाय सुजले, आणि कळा सुरू झाल्यावर झटके आले. मूल मेलेलं जन्मलं. गावात कुणी म्हणालं बाहेरचं झालं, कुणी उतारा टाकला. दुसऱ्या खेपेला दौलतनं तिला मोहन्यालाच ठेवून घेतलं. आठव्या महिन्यात एके दिवशी ती म्हणाली, "अवं, हे हलंना झालंय." तेही गेलं. तेव्हा पहिल्यांदा तो तिला कल्याणला डॉक्टर त्र्यंबक गुप्त्यांकडं घेऊन गेला.

गुप्ते डॉक्टर साठीचे, उंच, गुडघ्यांनी अधू. दवाखान्याच्या मागं त्यांचं चार खाटांचं सूतिकागृह होतं. त्यांनी नंदाच्या दंडाला पट्टा बांधला, पारा चढवला, नळीनं ऐकलं.

"हिच्या रक्ताचा दाब फार आहे," ते म्हणाले. "दोन्ही मुलं त्यानंच गेली. बाहेरचं वगैरे काही नाही. आता पुन्हा दिवस राहू देऊ नका. या वेळी ती वाचली हे नशीब समजा."

दौलतनं मान हलवली. दीड वर्ष दोघांनी ते पाळलंही. पण एकोणीसशे त्रेपन्नच्या जूनमध्ये नंदा त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मला दिस गेलंत." मग खाली बसून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. ती हसतेय की रडतेय ते त्याला कळलं नाही.

डॉक्टर रागावतील म्हणून तो चाचरतच गेला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दाब बघितला आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"बॉयलरवर हाये जी."

"म्हणजे दाबाचे काटे वाचता?"

"दर तासाला. लिवतो बी."

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग उठून आतल्या कपाटातून एक लाकडी पेटी आणली. झाकण उघडलं की आत पाऱ्याची उभी नळी. त्यांचं जुनं यंत्र होतं ते. नवं आल्यापासून पडून होतं. "हिला टांग्यातून इथवर दर चार दिवसांनी हिसके खात आणणं मला पसंत नाही," ते म्हणाले. "ही जितकी पडून राहील तितकी जगेल. तेव्हा हे घरी न्या. मी शिकवतो. आठवड्यातून दोनदा दाब बघायचा, वहीत लिहायचा, आणि रविवारी वही घेऊन एकट्यानं यायचं. वही बघून मी औषध ठरवीन."

शिकवायला त्यांनी तीन रविवार घेतले. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधायचा. रबरी फुगा दाबत पारा चढवायचा, मग हळूहळू हवा सोडायची. कानात ठोका ऐकू येऊ लागला तो वरचा आकडा, ठोका विरून गेला तो खालचा. पहिल्यांदा दौलतनं नंदाच्या दंडावर नळी ठेवून तो ठोका ऐकला, तेव्हा त्याचे हातच थांबले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण बायकोचं रक्त चालताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"काय ऐकू येतंय?" नंदानं विचारलं.

"तू," तो म्हणाला. नंदा लाजली, डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

निघताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आता लक्ष देऊन ऐका. वरचा आकडा एकशे साठच्या पुढं गेला तर त्याच दिवशी हिला इथं आणायचं. रविवारची वाट बघायची नाही. मग मी कळा आणून हिला मोकळी करीन. मूल तेव्हा केवढं असेल त्यावर त्याचं नशीब. सात महिन्यांचं असेल तर जगण्याची आशा धरू नका. पण ही वाचेल."

पायऱ्या उतरताना नंदानं दौलतचा हात धरला.

दौलतनं दोन पैशांची वही आणली, पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, वेळ, वरचा, खालचा. बुधवारी आणि शनिवारी सकाळी नंदा उठून बसायच्या आधी तो पेटी उघडायचा. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी. एकशे छत्तीस, अठ्ठ्याऐंशी. सहाव्या महिन्यापासून डॉक्टरांनी तिला खाटेवरून उठायलाही बंदी केली. मीठ पूर्ण बंद. शेजारची तुळसा आगरीण सुके बोंबील भाजायला बसली की नंदा खाटेवरूनच ओरडायची, "तुळसाबाय, दार लाव गं, न्हाईतर मी उठून येईन!" तुळसा दार लावायची आणि भिंतीपलीकडून म्हणायची, "बाळंत हो गो एकदा, टोपलीभर भाजून दीन तुला!" दौलत स्वतः अळणी भाकरी, अळणी कालवण रांधायचा आणि तिच्यासमोर बसून तेच खायचा. ती म्हणायची, "तुम्ही कशापायी? तुमचं पेशर ठीक हाये की." तो म्हणायचा, "गोड लागतं." अळणी वांग्याचं कालवण गोड लागतं म्हणणारा नवरा बघून तिला हसू आवरायचं नाही.

गावाहून दौलतची आई हौसाबाई आली. तिला ती पेटी पसंत नव्हती. "रोज हात आवळून रगत अडवतुयास पोरीचं," ती म्हणायची. पण नातवंडाच्या आशेनं ती सगळं करत होती, कोंबड्यासुद्धा. फक्त त्यांना साहेबांच्या नावानं हाक मारायला तिची जीभ वळत नसे.

दर रविवारी वही कल्याणला जायची. डॉक्टर बोट फिरवत आकडे वाचायचे, शांत राहण्याच्या गोळ्या द्यायचे. एकदा ते म्हणाले, "दौलतराव, तुमच्यासारखी नोंद आमची नर्ससुद्धा ठेवत नाही." परतताना आंबिवली स्टेशनापासून घरापर्यंत दौलत जवळजवळ पळतच आला. ते शब्द नंदाला सांगायचे होते.

नोव्हेंबर उजाडला. सातवा महिना सरायला चार दिवस होते. एका बुधवारी सकाळी दौलतनं पारा चढवला, हवा सोडली, आणि ठोका नेहमीपेक्षा फार वर सुरू झाला. त्यानं हवा पूर्ण सोडून दिली, थोडा थांबला, पुन्हा चढवला. एकशे चौसष्ट. खालचा एकशे चार.

"किती आलं?" नंदा म्हणाली.

तो नळी गुंडाळत राहिला.

"साठच्या वर ना?"

"चौसष्ट." तो उठला, कोनाड्यातली वही आणि पेन्सिल घेतली. "मी टांगा बघतो. आजच जायला पायजे."

"थांबा. लिवू नका अजून."

"लिवायला लागतंय नंदे. आकडा आलाय."

"आकडा आलाय त्यो माझ्या अंगातला. मग मला इचारायचं का न्हाई?"

हौसाबाई पाणी भरायला गेली होती. घरात दोघंच. नंदानं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि त्याचा तळवा आपल्या पोटावर ठेवला. आतून एक जोराची लाथ बसली. दौलतनं हात मागं घेतला, तिनं पुन्हा ठेवला.

"मागली दोन्ही अशी कधी हलली न्हाईत," ती म्हणाली. "हे दोन-दोनदा उठवतंय मला. आज गेलो तर डाक्टर काढून टाकतील. काढून टाकतील आन् मग कपड्यात गुंडाळून तुमच्या हातात देतील. मागं दिलं तसं."

"तू ऱ्हायलीस तर..."

"मी ऱ्हाईन आन् काय करू? कोंबड्या राखू?" ती चिडली, मग लगेच तिचा आवाज उतरला. "अवं, येक महिना. नववा लागू द्या. नववा लागला की तुम्ही म्हणाल तिथं येते, काय करायचं ते करू द्या त्यांना. पण आता न्हाई. वहीत येवढा येक आकडा बदला."

"डाक्टर वहीवर औषध देत्यात. त्यांना दुसरं काय दिसतंय?"

"म्हणून तर."

"तू मरशील."

"दोनदा न्हाई मेले," नंदा म्हणाली. तिनं त्याच्याकडं बघितलं. या बाईनं आजवर त्याच्याजवळ काही मागितलं नव्हतं. पाटल्या नाहीत, लुगडं नाही. जे मागायची ते कोंबड्यांसाठी कोंडा.

दौलत वही मांडीवर घेऊन बसला. कारखान्याचा भोंगा झाला. मग त्यानं तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि सहाच्या जागी पाच काढला. एकशे चौपन्न. खालचा शहाण्णव. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचंच त्याला नवल वाटलं.

पहिला खोटा आकडा अवघड गेला. पुढचे जाऊ नयेत इतके सोपे गेले. एकशे अडुसष्ट आले, त्यानं एकशे पन्नास लिहिले. एकशे बहात्तर आले, एकशे छप्पन्न लिहिले. एकसारखे लिहिले तर डॉक्टरांना संशय येईल, म्हणून कधी वर, कधी खाली असे तो जुळवून लिहू लागला. ते जुळवणं त्याला सगळ्यांत जड वाटे. बॉयलरवर बसून अंदाजानं पान भरणाऱ्यांना तो मनातल्या मनात काय काय म्हणत आला होता!

नंदाला मात्र तो खरा आकडा सांगायचा. ती दर वेळी विचारायची आणि तो दर वेळी सांगायचा. ती "बरं" म्हणायची आणि विषय बदलायची. त्या पाच आठवड्यांत ती फार बोलली. मुलगी झाली तर शाळेत घालायची, आपल्यासारखं शेण थापायला लावायचं नाही. मुलगा झाला तर त्याला बॉयलरवर पाठवायचं नाही, उन्हाळ्यात तिथं माणूस शिजतो. दौलत ऐकत बसायचा. पाय इतके सुजले होते की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. तो तेल चोळायचा आणि खळग्यांकडं बघायचं टाळायचा.

रविवारी डॉक्टर वही बघून म्हणत, "ठीक चाललंय. दीडशेच्या आसपास आहे, पण टिकून आहे. आणखी थोडे दिवस असंच राहिलं तर मूल हाती लागेल बरं का." दौलत खाली बघून "व्हय जी" म्हणायचा. एकदा डॉक्टर म्हणाले, "मी एक चक्कर टाकून जाणार होतो तुमच्याकडे. पण हे गुडघे. आणि वही आहेच म्हणा." त्या रविवारी सांगून टाकावं असं दौलतच्या ओठांवर आलं होतं. बाहेर येऊन तो दवाखान्याच्या पायरीवर बसला, उठून दोनदा दारापर्यंत गेला, आणि स्टेशनाकडं वळला.

डिसेंबरच्या मध्याला नववा लागला. "येत्या रविवारी जायचंच," दौलत म्हणाला. "आता एक शब्द ऐकणार न्हाई." नंदानं हसून मान हलवली. तिनं स्वतःच बोचकं बांधायला लावलं, तान्ह्याची दुपटी त्यात सगळ्यांत वर.

शुक्रवारी सकाळी तिचं डोकं दुखत होतं. बुधवार-शनिवार नसतानाही दौलतनं पेटी उघडली. एकशे ब्याण्णव.

"आजच चल," तो म्हणाला.

"डोकंच दुखतंय. आज पाळी सोडली तर तुमच्या जागी माणूस न्हाई म्हणत व्हता ना? दुपारी आलात की जाऊ." ती डोळे मिटून बोलत होती. "जावा. आत्या हाये की घरात."

तो गेला. सकाळी दहाच्या सुमारास गेटवरचा पहारेकरी त्याला हाक मारत बॉयलरखान्यात आला. गेटशी तुळसा उभी होती, डोक्यावर पदर नाही, धापा टाकत. "दौलतदादा, चला. ती कशी करते बगा. दिसत नाय म्हणते."

कारखान्याच्या ट्रकमधून नंदाला कल्याणला नेलं. वाटेतच पहिला झटका आला. दौलतनं तिचं डोकं मांडीत घट्ट धरलं आणि दातांत रुमालाची घडी सरकवली. शहाडचा पूल ओलांडताना तिनं एकदा डोळे उघडले, पण ते त्याच्यावर ठरले नाहीत.

झटके वाढू नयेत म्हणून डॉक्टरांनी खोलीत अंधार केला, सुई टोचली, दाब बघितला. मग ते बाहेर आले. हातात बोचक्याबरोबर आलेली दौलतची वही होती.

"आत्ता दोनशे दहा आहे," ते म्हणाले. "आणि बुधवारी तुम्ही एकशे बावन्न लिहिलेत. दौलतराव, दोन दिवसांत असं चढत नाही. मला औषधाचा हिशेब ठरवायचाय. खरं सांगा."

दौलत भिंतीला टेकून उभा होता. आकडे त्यानं कुठं लिहून ठेवले नव्हते, पण एकही विसरला नव्हता. तो बोलू लागला. अकरा नोव्हेंबर, एकशे चौसष्ट, एकशे चार. चौदा नोव्हेंबर, एकशे अडुसष्ट, एकशे चार. अठरा, एकशे बहात्तर, एकशे सहा. एकेक तारीख, एकेक आकडा, न थांबता, आज सकाळपर्यंत. डॉक्टर प्रत्येक खोट्या आकड्याशेजारी लाल शाईनं खरा लिहीत गेले. सगळं झाल्यावर त्यांनी पेन बंद केलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"तिला मूल पायजे व्हतं."

"आणि तुम्हाला?"

डॉक्टर म्हणाले, "बाहेर बसा," आणि आत गेले.

दुपारी तीन वाजता मुलगी झाली. सव्वाचार पौंडांची, मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज, पण रडत होती. नंदा शुद्धीवर नव्हती. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही. दौलतनं मुलीला तिच्या गालाशी नेऊन धरलं. हौसाबाई म्हणाली, "नंदे, बघ गं, पोरगी हाये. बघ तरी." तिसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, ती गेली. ज्या दिवशी जायचं ठरलं होतं तोच दिवस.

मुलीला तुळसानं पाजलं. तिचा स्वतःचा मुलगा सात महिन्यांचा होता. "एकाला हाय ते दोघांना हाय," म्हणून ती दोघांना दोन मांड्यांवर घेऊन बसायची. हौसाबाईनं मुलीचं नाव गोदा ठेवलं.

तेरावं झाल्यावर दौलत पेटी परत करायला कल्याणला गेला. डॉक्टरांनी ती घेतली, झाकण उघडून पारा बघितला, कपाटात ठेवली. दौलत उभाच होता. ते काहीतरी बोलतील, शिव्या देतील, म्हणून तो थांबला होता.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "एक गोष्ट सांगतो, दिलासा म्हणून नाही. त्या पहिल्या बुधवारी तुम्ही तिला आणलं असतं तर ती बहुतेक वाचली असती. मूल गेलं असतं. आज मूल आहे आणि ती नाही. यातलं काय बरोबर ते मला विचारू नका, मला माहीत नाही." मग ते म्हणाले, "आणि मी पाच आठवडे एका वहीवर विसंबून खुर्चीत बसलो. टांगा मलाही मिळाला असता." त्यांनी वही त्याच्यापुढं सरकवली. काळे आकडे, शेजारी लाल. दौलतनं ती घेतली.

कामावर रुजू झाला त्या दिवशी तो काट्यासमोर उभा राहिला, आणि हातातली पेन्सिल चालेना. काटा स्पष्ट दिसत होता, पण लिहिताना वाटे की आपण चुकीचंच लिहितोय. तो पुन्हा काट्याकडं जायचा, परत यायचा. महिनाभर त्याच्या पाळीचे आकडे त्याचा जोडीदार भिवा लिहीत होता. साहेबांनी एकदा विचारलं, "शेलार, अक्षर वेगळं का?" भिवाच म्हणाला, "त्याचा हात दुखतोय साहेब."

उन्हाळ्यात दौलत एकटाच सासुरवाडीला गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मारुतीबाबा कांद्याच्या वाफ्यात पाणी देत होते. दौलतनं बांधावर उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. पहिला आकडा, त्या दिवशीचं बोलणं, वही. मारुतीबाबांनी फावडं खाली ठेवलं नाही.

"म्हंजी तुला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् तिला?"

"तिलाबी."

मारुतीबाबांनी पुढचा वाफा फोडला. पाणी भरेपर्यंत बघत राहिले. "जा," म्हणाले. सासूनं, रखमाबाईनं, मात्र त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. "तिनं सांगितलं म्हणून लिवलंस?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "लहानपणापासनंच तशी. घेईन म्हणली की घेतलंच पायजे," असं म्हणत ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर दर दिवाळीला तिच्याकडून गोदासाठी परकर-पोलकं यायचं. मारुतीबाबांकडून निरोप कधी आला नाही.

हौसाबाईनं दुसऱ्या लग्नाचं दोन वर्षं टुमणं लावलं, मग थकून सोडून दिलं. दौलत पहिल्या पाळीला जायचा आणि दुपारी आला की गोदाला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत जाऊन यायचा. मूल हसलं की त्याला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचीच भीती वाटायची. ती आजारी पडली की तो डॉक्टरांकडं धावायचा. ते औषध द्यायचे, जुन्या गोष्टीबद्दल बोलायचे नाहीत.

गोदा सहाव्या वर्षात लागली तेव्हा मारुतीबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कल्याणला डोळ्यांचं शिबिर होतं. रखमाबाईनं हट्टच धरला, त्यामुळं शस्त्रक्रिया झाल्यावर म्हाताऱ्याला सात दिवस मोहन्याला दौलतच्या खोलीत राहावं लागलं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दौलतशी ते बोलत नसत. तो ताट पुढं ठेवायचा, हाताला धरून बाहेर न्यायचा. ते मुकाट यायचे.

गोदा मात्र त्यांच्या खाटेवर चढून बसली. शाळेतल्या बाईंना शिंका कशा येतात, तुळसामावशीच्या बाळ्यानं पाटी कशी फोडली, तिचं तोंड थांबेना. मारुतीबाबा पहिल्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडले होते. दुसऱ्या दिवशी ते उठून बसले. ती बोलायची थांबली की ते म्हणायचे, "मंग?"

चौथ्या दिवशी हौसाबाईनं विचारलं, "बाबा, पोर तरास देती का? नेऊ तिकडं?"

"राहू द्या," म्हातारा म्हणाला. पट्टीखालून त्याचे गाल ओले झाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्याची आठवण कुणी त्याला करून दिली नाही.

पट्टी सुटल्यावर दौलत त्यांना गाडीत बसवायला कल्याणच्या स्टँडवर गेला. गाडी सुटायच्या आधी मारुतीबाबांनी खिडकीतून बघितलं. नव्या भिंगातून त्यांचे डोळे मोठे दिसत होते. "दिवाळीला तिला घिऊन यी," ते म्हणाले.

दौलत दर दिवाळीला गोदाला घेऊन ओतूरला जाऊ लागला. मुलगी घरात आजी-आजोबांजवळ जेवायची. त्याचं ताट ओसरीवर यायचं. जेवून तो बांधावरून एक फेरी मारायचा, मुलीला चार दिवसांसाठी तिथं ठेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटा घाट उतरायचा.